लोरकान राजाच्या मठातली शेवटची जागा

किल्तावर गावात राजाचा वंशज नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. टोलन गुत्तेवाला राजाचा, फिनेरनांची डेलिया राजकन्येची, आणि दलदलीतलं जळण कापून कापून कंबरेत वाकलेला तो पॅडी केव्हनी, तोसुद्धा राजाचाच. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, अशी सगळ्यांची गत. आणि हे राजे वाटणारा माणूस एकच होता, मॅलकी ओ'लोरकन. जुन्या शाळेच्या एका खोलीत कपाट, टेबल आणि चर्चचा गोल शिक्का घेऊन तो बसायचा. बोस्टनहून, टोरांटोहून, कुठून कुठून माणसं आजोबाचं नाव कागदावर लिहून यायची, आणि मॅलकी त्यांना वंशावळ करून द्यायचा. आजोबा, पणजोबा, तिथून एक टोलेजंग उडी मारून राजा, राजावरून स्पेनहून गलबतं घेऊन आलेला मिलेशियस, मग नोआ, आणि नोआच्या वर थेट आदम. पैसा घ्यायचा नाही. व्हिस्कीची बाटली मात्र परत करायचा नाही.

आता राजे वाटणारा माणूस गोड असेल असं कुणाला वाटेल. छे! कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. येणाऱ्या पाहुण्याला तो आधी दारात उभं करून पायांकडे बघायचा. "बूट पुसा. राजवाड्यात वाढलेले दिसत नाही." पाहुणे हसायचे, त्यांना वाटायचं म्हातारा गमत्या आहे. म्हातारा गमत्या नव्हता. त्याला ती माणसं खरोखरच आवडत नव्हती. ज्यांचे आजोबे गाव सोडून गेले ते पळपुटे, आणि जे राहिले ते मूर्ख, असा त्याचा साधा हिशेब.

गावातल्या सगळ्या राजांत मॅलकीचा राजा सर्वांत मोठा. लोरकान तांबडहात्या. राज्याभिषेकाच्या शिळेवर बसला तेव्हा त्याचे हात सख्ख्या भावाच्या रक्तानं ओले होते, म्हणून ते नाव. तळ्याकाठचा मठ त्यानंच बांधला, पापाचं ओझं हलकं व्हावं म्हणून, आणि ती शिळाही आत आणून ठेवली. मठाचं छप्पर उडून चारशे वर्षं झाली, पण आत, भिंतींच्या आत, पुरून घ्यायचा मान अजून पाचच घराण्यांकडे होता, आणि वेदीच्या अगदी पायाशी ओ'लोरकनांची कबर. बाकीच्या गावाला नवी दफनभूमी होती, फुटबॉलच्या मैदानामागं, कौन्सिलनं आखलेली. तिथं रांगेनं नंबर. जो आधी मरेल त्याला आधीचा नंबर, निवड नाही, वशिला नाही. मॅलकी त्या जागेला कोबीचा वाफा म्हणायचा.

ओ'लोरकनांच्या कबरीत एकच जागा उरली होती. तिच्या शेजारी विनी होती.

विनी त्याची बायको. तिच्या माहेरी राजा नव्हता. तिनं कधी मागितलाही नाही. मॅलकीचं राजपुराण सुरू झालं की ती म्हणायची, "हो हो, ऐकलं. आता तुझ्या राजाला विचार, गाईचं दूध कोण काढणार?" अख्ख्या जगात एवढ्या एका बाईपुढं त्याची जीभ वळायची नाही. मूलबाळ झालं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली आणि चार महिन्यांत ती गेली. जायच्या आधी तिनं त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मला त्या तुझ्या राजांत एकटी टाकू नकोस हां. मी तिथं कुणाला ओळखत नाही. लवकर ये म्हणत नाही, पण ये." मॅलकीनं शब्द दिला. आयुष्यात त्यानं दिलेल्या शब्दांपैकी खरा म्हणावा असा हा एकच.

आता थोरल्या शाखेच्या थोरल्याचा हक्क पहिला, हा मठाचा रिवाज. मॅलकी थोरला, तेव्हा ती जागा त्याची. त्याच्यामागं धाकटा भाऊ फेस्टी. आणि फेस्टीचं नाव काढलं की मॅलकीच्या कपाळावरची शीर उठायची.

भांडण कशाचं, तर खांद्याचं. आईची शवपेटी घरातून उचलायची वेळ झाली, आणि थोरल्या मुलानं पुढचा उजवा खांदा द्यायचा, हे लहान पोरालाही ठाऊक. पण थोरला मुलगा होता कुठं? तो मागच्या अंगणात सुताराची गचांडी धरून उभा, कारण पेटीवरच्या पितळी पट्टीवर राजघराण्याला शोभेशी अक्षरं नव्हती. फादर दोनदा हाक मारून थकले. पाऊस येईल असं दिसत होतं. शेवटी फेस्टीनं पुढं होऊन उजवा खांदा दिला. मॅलकी धावत आला तेव्हा पेटी फाटकाबाहेर पडली होती. तेव्हापासून बावीस वर्षं दोघं बोलले नाहीत. शेताला शेत लागून, मधे एक काटेरी कुंपण. निरोप द्यायचाच झाला तर कुत्र्याला द्यायचे. "सांग तुझ्या मालकाला, त्याची मेंढरं माझ्या गवतात आलीत." कुंपणापलीकडून उत्तर यायचं, "सांग त्याला, मेंढरांना वंशावळ वाचता येत नाही."

आणि मग तो ऑस्ट्रेलियावाला आला, लायनेल लोरकन. पहिल्यांदा आला तो नऊ वर्षांपूर्वी, बॅलरॅटहून, उंच, सुरकुतलेला, मऊ बोलणारा. अनाथाश्रमात वाढलेला. जवळ एक नाव, दुसरं काही नाही. टोलनच्या गुत्त्यात फेस्टीची आणि त्याची गाठ पडली, आणि फेस्टीनं दोन पेल्यांनंतर छाती फुगवून सांगितलं, "माझ्या भावाला पोरबाळ नाही. तो गेला की लोरकान राजाची गादी माझी. शेवटचा राजपुत्र बघून घ्या, साहेब." हे दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकीच्या कानावर आलं. लायनेल वंशावळ मागायला दारात उभा राहिला तेव्हा मॅलकी नुसता धुमसत होता.

"राजपुत्र काय!" तो पुटपुटला. "बसवतो गादीवर."

आणि त्यानं लिहिलं. मॅलकीच्या पणजोबांना एक थोरला भाऊ होता, तो दुष्काळात जहाजावर चढला, त्याचा मुलगा बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणीत उतरला, आणि त्याचा वंशज म्हणजे समोर बसलेला लायनेल. असा भाऊ कधी नव्हता. मॅलकीनं तो जन्माला घातला, त्याचा बाप्तिस्मा केला, त्याला जहाजावर बसवला, सगळं एका दुपारी. लायनेल थोरल्या शाखेचा ठरला, म्हणजे फेस्टी दुसऱ्यावरून तिसऱ्या पायरीवर. गोल शिक्का मारताना मॅलकी कित्येक वर्षांत हसला नव्हता तितका हसला. आपणही पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरलो, याचा त्यानं विचारच केला नाही. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणं म्हणतात ते हेच! त्याला वाटलं, म्हातारा कागद फ्रेम करून बैठकीत लावेल आणि तिकडेच मरेल.

म्हातारा मेला नाही. मे महिन्यात तो परत आला, दोन पेट्या आणि ती फ्रेम घेऊन, आणि टोलनच्या माडीवर खोली घेतली. मग काठी टेकत जुन्या शाळेत आला.

"भाऊ, आलो मी. कायमचा."

"कशाला?"

लायनेल खोकला. बराच वेळ खोकला. "फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टर म्हणतात, फार तर नाताळ. म्हटलं, जायचंच तर आपल्या माणसांत जावं. तुम्हीच मला माझी माणसं दिलीत, भाऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होईतो मला कुणी नव्हतं."

मॅलकीनं टेबलावरचा शिक्का उचलून खणात टाकला.

"कौन्सिलला लिहिलं मी," लायनेल म्हणाला. "मिस्टर प्रंटी म्हणून आहेत, फार सज्जन. त्यांनी रिवाज समजावून सांगितला. थोरली शाखा माझी, म्हणून ती शेवटची जागा माझ्याकडे येते म्हणे. तुमचं काही म्हणणं नसेल ना?"

"म्हणणं?" मॅलकी उठला तेव्हा खुर्ची मागं पडली. "तिथं माझी बायको आहे!"

"हो, वहिनींच्या शेजारी. मी शांत माणूस आहे, भाऊ. त्यांना त्रास नाही व्हायचा."

"तो कागद चुकलाय."

"शिक्का आहे त्याच्यावर."

"चुकलाय म्हणतो ना! लिहिताना चूक झाली."

लायनेलनं मान हलवली. मऊ बोलणारा होता, पण हलणारा नव्हता. "नऊ वर्षं तो कागद माझ्या पलंगासमोर आहे, भाऊ. रोज सकाळी वाचतो. पाठ आहे मला, आदमापर्यंत. तुम्हाला ही जागा हवीय म्हणून तुम्ही आता असं म्हणताय. मला राग नाही."

त्याला राग नाही! मॅलकीला त्याचं मानगूट धरून तळ्यात बुडवावंसं वाटलं. तो गेल्यावर मॅलकीनं दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

प्रंटी कौन्सिलचा माणूस, वहीला रबर लावून फिरणारा. मठ सरकारी वारसा, भिंती ढासळायला आलेल्या. तिथलं पुरणं बंद करावं असं वरच्यांच्या मनात केव्हाचं होतं, पण पाच घराण्यांच्या हक्कापुढं कायद्याचे हात बांधलेले. मॅलकी त्याच्याकडे गेला तेव्हा प्रंटीनं शांतपणे सांगितलं, "ओ'लोरकनसाहेब, कागद तुमचा, शिक्का तुमचा. तुम्हीच आता खोटा म्हणताय. मी कोणता मॅलकी खरा धरू? येत्या रविवारी फादर कबरींना आशीर्वाद देतात, तेव्हा मी मठात येतो. घराण्यातल्या दुसऱ्या माणसानं शिळेवर हात ठेवून सांगावं, कागद खरा की खोटा. तो म्हणेल ते मी लिहीन."

घराण्यातला दुसरा माणूस जगात एकच होता.

तीन दिवस मॅलकी घरात येरझाऱ्या घालत होता. शनिवारी दुपारी त्यानं टोपी घातली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भावाचं फाटक उघडलं. फेस्टी चुलीवर बटाटे उकडत होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

"कुत्रं बाहेर आहे," तो म्हणाला. "काय सांगायचं ते त्याला सांग."

"तुझ्याशीच बोलायचंय."

"मग बोल. बटाटे शिजेपर्यंत."

"तो कागद खोटा आहे. उद्या तसं सांग."

"कुठला कागद? मला तिसऱ्या पायरीवर बसवलंस तो? टोलननं त्याची नक्कल महिनाभर गुत्त्यात लावली होती. अख्ख्या गावानं वाचला. पोरं मला रस्त्यात 'तीन नंबर' म्हणून हाका मारत होती." फेस्टीनं बटाट्यात काटा खुपसून बघितला. "आणि आता माझी साक्ष पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा माझी साक्ष कुणाला तरी पाहिजे. बरं वाटतं रे."

"विनीसाठी मागतोय. माझ्यासाठी नाही."

फेस्टीचा हात थांबला. विनी त्याला दर रविवारी कुंपणावरून सोडाब्रेडचा अर्धा तुकडा द्यायची, नवऱ्याच्या पाठीमागं. मॅलकीला हे ठाऊक होतं आणि कधी बोलला नव्हता.

"बरी होती ती," फेस्टी म्हणाला. "तुझ्या पदरात पडली ते तिचं नशीब. ठीक. सांगतो उद्या, कागद खोटा. पण तू एक वाक्य म्हणायचं. लोकांसमोर. फार नाही, एकच."

"कुठलं?"

"आईला उजवा खांदा देण्याचा हक्क फेस्टीचाच होता, कारण मी वेळेवर आलो नाही. बस. एवढं म्हण, आणि जा तुझ्या बायकोशेजारी."

चुलीवर पाणी रटरटत होतं. वाक्य सोपं होतं, शिवाय खरंही होतं, आणि मॅलकीला ते खरं आहे हे बावीस वर्षं माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं. वाक्य घशापर्यंत आलं. समोर भावाची पाठ, तीच रुंद पाठ, पेटीखाली फाटकातून बाहेर पडताना दिसलेली. अंगाचा तिळपापड झाला.

"तू चोरलास तो खांदा."

फेस्टी वळला. "निघ."

"चोरलास! आई अजून थंड पडली नव्हती, आणि तू..."

"निघ म्हणतो ना! बटाटे शिजले."

दुसऱ्या दिवशी मठात गाव लोटलं. कबरींवर फुलं, फादर गिलडे पाणी शिंपडत फिरताहेत, बायकांच्या हातात थर्मास. प्रंटी वही उघडून वेदीपाशी. लायनेल एका खुर्चीवर, गुडघ्यांवर फ्रेम. फेस्टी रविवारचा कोट घालून आला, कुणाकडे न बघता लोरकानाच्या शिळेकडे गेला आणि तिच्यावर पंजा ठेवला.

"कागद खरा," तो म्हणाला. "थोरली शाखा ह्यांची. मग माझा भाऊ. मग मी, तीन नंबर."

स्वतःला तिसरं म्हणवून घेताना त्याचा आवाज जराही हलला नाही. लोकांत कुणी तरी खुसकन हसलं. प्रंटी लिहायला लागला. मॅलकी विनीच्या दगडाशेजारी उभा होता. त्याला दिसलं, की त्या पेन्सिलीनं एक ओळ पुरी केली की संपलं, विनीशेजारी हा परका माणूस झोपणार, कायमचा.

"थांबा!" तो ओरडला. "खोटं आहे! पणजोबांना भाऊच नव्हता. मी बनवला. ह्या फेस्टीचं नाक कापायला बनवला."

"ओ'लोरकनसाहेब, हे तुम्ही आधी सांगितलंत," प्रंटी म्हणाला. "पुरावा?"

"पुरावा पाहिजे? घ्या पुरावा! हाच नाही, सगळंच खोटं आहे. माझीही वंशावळ खोटी. माझ्या आजोबांनी एका भटक्या मास्तराकडून लिहवून घेतली, एका बदकाच्या बदल्यात. चिठ्ठी आहे माझ्या कपाटात. आजोबांच्या आधी आम्ही कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही! लोरकान राजाला मुलगाच झाला नाही, जुन्या पोथीत स्वच्छ लिहिलंय, मी वाचलंय. ह्या कबरीत राजाचं हाडही नाही. आता सांगा, ह्याची शाखा कशाला थोरली? झाडच नाही तर फांदी कुठली?"

फादर गिलडेंच्या हातातलं पाणी बुटावर सांडत होतं.

मग डेलिया फिनेरन पुढं आली, ऐंशी वर्षांची, हातात थर्मास. "आणि माझी राजकन्या रे? दरवर्षी मी तिच्या नावानं मेणबत्ती लावते. ती पण?"

"तुझी वंशावळ लिहिली त्या वर्षी गालवेच्या शर्यतीत पहिली आलेली शिकारी कुत्री, डेलिया. नाव आवडलं म्हणून घातलं."

"मेल्या!" डेलिया म्हणाली. "पंचवीस वर्षं मी कुत्रीच्या आत्म्याला शांती मागतेय?"

मग एकच गिल्ला झाला. टोलन म्हणाला, ह्याला आजपासून माझ्या गुत्त्यात पाणीही मिळणार नाही. पॅडी केव्हनी दगड उचलायला वाकला. फादरांनी त्याचा हात धरला. "नाव मोठं लक्षण खोटं," मागून कुणी बाई फणकारली, "ते ह्याच्यासाठीच!" आणि ह्या गोंधळात लायनेल उठून उभा राहिला.

"मग मी कोण?" त्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक!" मॅलकी म्हणाला. "मी काय देव आहे?"

लायनेलनं फ्रेम काखेत घेतली आणि काठी टेकत निघून गेला. मॅलकीला त्याची पर्वा नव्हती. तो प्रंटीकडे वळला, दम लागलेला, डोळे जिंकल्यासारखे. "आता लिहा. ह्याचा हक्क नाही. जागा माझी."

प्रंटीनं वहीतून मान वर केली. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मात्र सांगायला हवं. "ओ'लोरकनसाहेब, तुमचा हक्क राजाच्या वंशाचा होता. तो तुम्ही आत्ताच दोनशे माणसांसमोर नाही म्हणालात. उरलेल्या चार घराण्यांचे कागदही तुमच्याच हातचे. मला वर तसंच कळवावं लागेल." त्यानं वहीला रबर लावलं. "हक्कदार कुणी नसेल तर मठ बंद होतो. सगळ्यांना."

फेस्टी शिळेवरून हात काढत होता. बावीस वर्षांनी भावाकडे सरळ बघून तो म्हणाला, "एक वाक्य मागितलं होतं. एक! तू शंभर बोललास."

सप्टेंबरात मठाच्या दाराला लोखंडी जाळी बसली, कुलूप लागलं. शिक्का फादरांनी काढून घेतला. गावात मॅलकीशी कुणी बोलेना. दुकानात गेला की बायका बोलत्या बंद. डेलिया तर त्याला बघून रस्ता बदलायची, ऐंशी वर्षांच्या पायांनी.

नोव्हेंबरात लायनेल टोलनच्या माडीवरच वारला. पलंगासमोरची फ्रेम त्यानं शेवटपर्यंत उतरवली नव्हती. टोलनची बायको सांगते, शेवटच्या आठवड्यात तो नावं पुटपुटायचा, आदमापासून खाली खाली यायचा, आणि स्वतःच्या नावाशी थांबायचा. त्याला कोबीच्या वाफ्यात अडतीस नंबर मिळाला. फेब्रुवारीत फेस्टी गोठ्यात पडला तो उठलाच नाही. त्याला एकोणचाळीस.

मॅलकी तेव्हा न्यूमोनियानं अंथरुणाला खिळलेला. भावाच्या मातीला जाता आलं नाही. गेला असता की नाही, कोण जाणे. सरकारी नर्स गोळ्या द्यायला आली तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला तो नंबराचा.

"पुढचा चाळीस," नर्स म्हणाली. "फेस्टीच्या अगदी शेजारी. तुमची तब्येत बघता, मॅलकीकाका, बोलायचं नाही पण..."

"बोलू नकोसच!" म्हातारा उशीवरून अर्धा उठला. "मी त्याच्याशेजारी जगाच्या अंतापर्यंत? तो तिथंही खांदा काढेल! गावात आणखी कोण आजारी आहे?"

"असं विचारतात का?"

"कोण आहे, सांग!"

"डेलियाबाईंचं काही खरं नाही."

त्या दिवसापासून मॅलकीनं औषध थुंकणं बंद केलं. बैलाच्या हाडांचं सूप करून घ्यायचा आणि नाक धरून प्यायचा. खिडकी उघडी ठेवायचा, श्वास मोजायचा. नर्स आली की डेलियाची चौकशी आधी, मग स्वतःचा ताप. डेलिया चिवट निघाली. बारा दिवस दोघं जण गावाच्या दोन टोकांना असे झुंजले. तेराव्या दिवशी, गुरुवारी, चर्चची घंटा वाजली. मॅलकीनं टोले मोजले, बाई गेल्यावर वाजतात तेवढेच होते. "देवा, तुझे आभार," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला लाजही वाटली नाही.

मार्चात तो उठला. पहिल्यांदा बाहेर पडला तो काठी घेऊन तळ्याच्या वाटेनं. मठाच्या जाळीतून विनीचा दगड दिसतो, वीस पावलांवर. त्याच्या शेजारची जमीन तशीच, वर कोवळं गवत आलेलं. मॅलकीनं दोन्ही हातांनी जाळी धरली.

"विनी," तो म्हणाला, "चाळीस गेला. फेस्टीशेजारी नाही जात मी. तेवढं टाळलं बघ."

त्यानं जाळी सोडली नाही.

"आता एक्केचाळीस माझा," तो म्हणाला. "एका बाजूला डेलिया. दुसऱ्या बाजूला माझ्यानंतर जो कोण मरेल तो. तू नाहीस, विनी."